मग दुधाचं काय झालं

उन्हाळा अर्ध्यावर आला तोवर गोठ्यातल्या चार गाईंपैकी दोघी आटल्या होत्या. उरलेल्या दोघींतली तांबडी पान्हा चोरायची. काकू तिच्या कासेला कोमट पाणी लावून, पाठ थोपटून, "दे गं बाई, कुणासाठी राखतेयस" असं पुटपुटत बसायची, तेव्हा कुठे ती सैल व्हायची. पूर्वी संध्याकाळचे चार कॅन भरत, आता दोन भरायची मारामार. तळ्याचं पाणी मागे सरकलं होतं आणि त्याच्या ओल्या कडेला उगवलेलं गवत कापायला अर्धं गाव पहाटेपासून वाकलेलं असे. काकू उजवा पाय ओढत जायची आणि ओझं घेऊन आणखी ओढत यायची. गेल्या उन्हाळ्यात ती याच गोठ्यात शेणावरून घसरली होती. हाड जुळलं, पण पाय बोटभर आखूडच राहिला.

घरात तीन माणसं. ती, तिचा नवरा, आणि अकरा महिन्यांची ठमी. ठमी त्यांच्या लेकीची मुलगी. लेक ठमीच्या जन्माच्याच दिवशी गेली. जावई दूर कामाला होता, तो दोन महिन्यांतून एकदा यायचा आणि ठमीकडे बघत बसायचा.

अशात शहरातल्या कॉलेजातून आठ विद्यार्थी आणि त्यांच्या मॅडम गावात आल्या. शाळेच्या दोन खोल्यांत सगळे उतरले, पण शाळेचे पत्रे दुपारी असे तापत की आत बसवेना. मॅडम सावली शोधत काकूच्या दारात आल्या. बुटक्या, पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, आवाज लहान.

"गोठ्यासमोरच्या पडवीत बसलो तर चालेल का? दुपारचे दोन तास. गाईंना त्रास देणार नाही."

"गाईंना कसला त्रास," नवरा म्हणाला. "दोघी बसूनच आहेत. शिकतील काहीतरी."

मुलं हसली. आल्या आल्या त्यांनी त्याला काका केलं आणि तिला काकू. ती तशीही साऱ्या गावाची काकूच होती.

ती मुलं दवाखान्यासाठी आली होती. तीन वर्षांपूर्वी सरकारने लहान गावांतले दवाखाने बंद करून सगळ्यांचा मिळून शहरात एक मोठा केला. जास्त डॉक्टर, जास्त यंत्रं. कागदावर छान होतं. तो निर्णय माणसांच्या अंगावर कसा पडला, हे माणसांनाच विचारून समजून घ्यायचं, हा मॅडमचा विषय. पुढच्या महिन्यात एक समिती बसणार होती, तिच्यासमोर हा अहवाल जाणार होता. दवाखाना परत उघडेल अशी गावाला आशा लागली होती, त्यामुळे जो तो बोलायला तयार. "काकूंकडे जा," सगळे सांगत. "त्यांच्याइतकं कुणाचं गेलं नाही."

पडवी आणि गोठा यांच्यामध्ये छातीइतकी भिंत होती. पहिल्या दुपारी काकू भिंतीआड कडबाकुट्टीचं चाक फिरवत होती, आणि पलीकडे मॅडम बोलत होत्या.

"त्रास होतो का, असं कुणाला विचारू नका. माणूस हो म्हणतो आणि विषय संपतो. तुम्हाला काय वाटलं, हेही सुरुवातीला नको. वस्तू धरा. कुठल्या गाडीने गेलात? गाडीत काय काय होतं? कोण कुठे बसलं? चित्र काढून विचारा. वस्तू आठवली की तिच्यामागून बाकीचं येतं."

चाक करकरत होतं. काकूने ते सावकाश केलं.

"आणि उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही. मनात दहापर्यंत मोजा. शांतता तुम्हाला जड जाते तशी समोरच्यालाही जाते. तो काहीतरी बोलतो."

"आणि नाही बोलला तर, मॅडम?" एका हसऱ्या मुलाने विचारलं.

"तर वीसपर्यंत मोज. येतात ना तेवढे आकडे?"

सगळे खिदळले. काकूलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून तिने ओठ पुसले.

काकूकडे आली ती चष्मेवाली. आठांत सगळ्यात लहानखुरी. चष्मा घामाने नाकावरून घसरे आणि ती तो पेनाच्या टोकाने वर ढकले. आधी तिने एक कागद वाचून दाखवला. "काकू, सांगायचं नसेल ते सांगू नका. मधेच थांबावंसं वाटलं तर थांबा. तुमचं नाव कुठेही येणार नाही."

"नाव येणार नाही?"

"नाही. काळजी करू नका."

"मग कुणाची लेक गेली ते त्यांना कसं कळणार?"

चष्मेवालीने कागदावर पुन्हा नजर फिरवली. तिने चष्मा वर ढकलला.

मग काकूने सांगितलं. अकरा महिन्यांत ती ते इतक्यांदा बोलली होती की शब्द आपले आपण येत. "दवाखाना त्या वळणापलीकडे होता. मोडक्या पायानेसुद्धा दहा मिनिटं. तो बंद केला. आता शहर, बावीस किलोमीटर. लेक बाळंतपणाला आलेली. दिवस भरायला अजून वेळ होता. संध्याकाळी साडेपाचला तिच्या पोटात दुखायला लागलं. यांनी टेम्पो काढला. दुधाचे कॅन मागे चढवलेलेच होते. ते उतरवायला निघाले, तर मीच म्हटलं, राहू देत, आधी निघा. माझा पाय प्लास्टरमध्ये. मी उंबऱ्यापर्यंत घसटत गेले. तिने टेम्पोतून हात केला."

"मग काय झालं?"

"मग फाटक. मालगाडी यायची होती म्हणून फाटक लावून ठेवलं. पाऊण तास. हे हातापाया पडले, पण उघडलं नाही. वाटेत तिला रक्त जायला लागलं. दवाखान्यात ऑपरेशन करून या ठमीला काढली. तिचं काही करता आलं नाही. डॉक्टर यांना म्हणाला, अर्धा तास आधी आणली असती तर बघता आलं असतं." काकूने मान हलवली. "त्या फाटकवाल्याला मी चार माणसांत शिव्या दिल्यात. तुझी लेक अशीच अडकू दे म्हणाले. तो मान खाली घालून उभा होता."

दुसऱ्या दुपारी पडवीत चष्मेवालीने आपलं टिपण वाचलं. काकू भिंतीआड ठमीला मांडीवर घेऊन बसली होती.

"'हे सांगताना आई कोसळली,'" इथे मॅडमनी तिला मधेच थांबवलं. "कोसळली म्हणजे? पडली?"

"नाही मॅडम."

"रडली?"

"नाही."

"मग काय झालं? काय दिसलं तुला?"

"त्या बोलता बोलता दावं वळत होत्या. वळून झालं, मग उलगडलं. मग परत वळलं."

"हे लिही. तुझं कोसळणं मला नको."

काकूने आपल्या हातांकडे पाहिलं. आपण असं काही केलं हे तिला ठाऊकच नव्हतं.

"मॅडम, ही गोष्ट अहवालात पहिली घ्यायची ना?" चष्मेवालीने विचारलं. "दवाखाना नाही, वर फाटक. सगळं एकत्र आहे यात."

"घेऊ. म्हणूनच ती सगळ्यात जास्त तपासायची. या काकू टेम्पोत नव्हत्या. त्या सांगतायत ते ऐकलेलं आहे. टेम्पोत दोघं होते. त्यातलं जे माणूस हयात आहे, त्याला विचारलंस?"

नवरा तीन दिवस हाताला लागला नाही. "हिने सांगितलं ना सगळं. मी वेगळं काय सांगणार," म्हणायचा आणि चाऱ्याला निघून जायचा. चौथ्या दिवशी धारेच्या वेळी टेम्पोचं चाक पंक्चर झालं. तो जॅक लावून अंगणात बसला आणि चष्मेवाली समोर येऊन उकिडवी बसली. भिंतीआड काकू तांबडीच्या कासेखाली बसली होती. तिला दोघं दिसत नव्हती, ऐकू मात्र सगळं येत होतं.

कागद वाचून झाला. "मधेच थांबलं तर चालेल, काका."

"बरं झालं सांगितलंस. आमच्या गाईंना कुणी असं विचारत नाही."

ती हसली. "काका, मी टेम्पोचं चित्र काढलंय. हे बरोबर आहे?"

"मागची फळी अशी नाही. खाली पडते ती." नट काढल्याचा आवाज आला. "हां, अशी."

"ताई कुठे बसली होती?"

"पुढे बसवत नव्हतं तिला. मागे आडवी झाली. पोत्यांवर, डावीकडे."

"आणि उजवीकडे?"

"कॅन."

"किती होते?"

"चार."

"भरलेले?"

"भरलेले."

मुलीने चित्रात चार गोल काढले असावेत. पेन चार वेळा वाजलं. मग तिने अगदी सहज, पुढचा गोल काढावा तसं विचारलं, "मग दुधाचं काय झालं?"

भिंतीआड काकूच्या बादलीत धार पडत होती, एकीमागून एक. पलीकडे कुणी बोलेना. मुलगी दहापर्यंत मोजत असणार. काकूनेही नकळत मोजायला घेतलं. सात झाले तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपला हात थांबलाय.

"घातलं," नवरा म्हणाला.

"कुठे?"

"डेअरीत. वाटेतच आहे, फाटकाच्या अलीकडे."

पुन्हा कुणी बोललं नाही.

"सातला दार लावतात ते. एक मिनिट इकडचं तिकडे करत नाहीत. ती म्हणाली, घालून या बाबा, थांबलंय दुखायचं. मला बरं वाटतंय म्हणाली. बघितलं तर खरंच हसत होती. म्हटलं, दहा मिनिटांचं काम. रांगेत सात-आठ जण होते. मधेच त्या फॅट मोजायच्या यंत्राला काय झालं कुणास ठाऊक. आतली मुलगी ते झटकत बसली. पुढे सरकलोय, आता सोडून कसं जायचं, आता झालंच, आता झालंच…"

"किती वेळ गेला, काका?"

"पाऊण तास." त्याने हातातला नट खाली ठेवला. "माझं सगळं ध्यान टेम्पोकडे होतं. तिने एक हाक मारली असती, एकच, तर कॅन तिथेच सोडून धावलो असतो. तिने हाकच मारली नाही. परत आलो तर पोती भिजलेली. मी म्हटलं, अगं, हाक का नाही मारलीस? ती नुसती बघत होती."

"आणि फाटक?" मुलीने अगदी हळू विचारलं.

"फाटक उघडंच होतं."

तांबडीने मान वळवून मागे पाहिलं. अर्धी पिळलेली कास सोडता येत नाही, गाईला ठणका लागतो. काकूने पुन्हा सड धरले आणि धार काढायला घेतली.

चार कॅन. दुसऱ्या दिवशी लेकीला घरी आणली तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं, आणि गोठ्याच्या कट्ट्यावर ते चार कॅन उपडे ठेवलेले होते. धुतलेले. डेअरीत आतून उकळत्या पाण्याने धुऊन देतात तसे. काकूने ते पाहिले होते. त्या उकाड्यात फाटकापाशी आणि दवाखान्याबाहेर रात्रभर राहिलेलं दूध नासलं असतं, आंबट वासाने अंगण भरून गेलं असतं. जन्म दुधात गेला तिचा. अकरा महिन्यांत ती एकदाही म्हणाली नव्हती, अहो, त्या दिवसाच्या दुधाचं काय झालं?

आणि रांगेत सात-आठ जण होते. म्हणजे याच गावचे, शेजारच्या गावचे. ते भेटायला आले होते. याच पडवीत बसून, तिच्याबरोबर त्यांनी फाटकाला नावं ठेवली होती.

शेवटचे थेंब निघाले. ती बादली घेऊन अंगणात आली. चष्मेवाली वही छातीशी धरून निघून गेली होती. नवऱ्याने हात पुसले आणि कॅनवर गाळणं धरलं, रोज धरायचा तसं. ती ओतायला लागली की तो "सांभाळून" म्हणायचा. आज म्हणाला नाही. त्याने धरलेलं गाळणं कललं. थोडं दूध बाहेर सांडलं आणि मातीत जिरलं. तो टेम्पो घेऊन गेला.

पडवीत चष्मेवाली मॅडमना वही दाखवत होती. मॅडमनी दोन्ही पानं वाचली. मग पहिलं पान पुन्हा वाचलं.

"चांगलं विचारलंस," त्या म्हणाल्या.

"दहा मोजले, मॅडम. दोनदा." मुलीचे गाल लाल झाले होते. "आता तर ही गोष्ट अजून…"

"अजून काय?"

मुलीने वहीकडे पाहिलं.

"तू विचारत होतीस तेव्हा जवळपास कोण होतं?"

"कुणी नाही. म्हणजे… काकू. गोठ्यात होत्या. धार काढत होत्या." ती बोलता बोलता थांबली. चष्मा खाली घसरला, तिने तो वर ढकलला नाही.

"आधी आजूबाजूला कोण आहे ते बघायचं, हे मी शिकवलं नव्हतं तुम्हाला?"

मुलगी रडायला लागली होती. "नाही मॅडम."

मॅडमनी वही मिटली. "नाही," त्या म्हणाल्या. "नसेल शिकवलं."

त्या उठून भिंतीला वळसा घालून गोठ्यात आल्या. काकू कडबाकुट्टीला उभी होती. मॅडमनी एक पेंढी उचलली आणि यंत्राच्या तोंडात सरकवायला लागल्या.

"बाई, सोडा ते. बोट जाईल."

मॅडमनी पेंढी खाली ठेवली.

"डॉक्टर अर्धा तास म्हणाला होता," काकू म्हणाली. "ते असंच म्हणतात, की खरंच मोजलेलं असतं?"

"मला माहीत नाही काकू. मी डॉक्टर नाही."

"मोजलेलं नसतं, असं म्हटलं असतंत तरी चाललं असतं."

"हो," मॅडम म्हणाल्या. "कळतंय मला."

काकूने चाक फिरवलं. कुट्टी भसाभसा खाली पडत राहिली आणि मॅडम तशाच उभ्या राहिल्या.

त्या संध्याकाळी नवरा परतला, जेवला, ठमीला खांद्यावर घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. काकूने भांडी घासली. पूर्वी भांडण झालं की ती भांडी आपटायची. आज तिने एकेक भांडं असं ठेवलं की जणू घरात कुणी आजारी झोपलंय.

लिहिलेलं ज्याचं त्याला वाचून दाखवायचं, चुकलं असेल तर दुरुस्त करायचं, नको असेल तर काढून टाकायचं, असा मॅडमचा नियम होता. सकाळी त्या चष्मेवालीला घेऊन आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही एकटेच ऐकलंत तर बरं."

"हिच्यासमोरच वाचा," तो म्हणाला. काकूकडे न बघता म्हणाला. "तिने ऐकलंय. भिंत केवढीशी आहे."

चष्मेवालीने वाचलं. टेम्पो, पोती, चार कॅन, सातला लागणारं दार. 'एक हाक मारली असती' हे वाचताना तिचा आवाज फुटला, तरी तिने ते नेटाने पूर्ण केलं. नवरा खाली बघत नखाने कट्ट्यावरचं वाळलेलं शेण खरवडत होता.

"बरोबर आहे?" मॅडमनी विचारलं.

"बरोबर आहे."

"यातलं काहीही काढता येईल. सगळंही."

"मग काढा."

चष्मेवालीने पेन उघडलं.

"माझं काय लिहिलंय?" काकूने विचारलं. "मी सांगितलं त्यात फाटक आहे ना? ते काढा आधी. मी पाहिलेलं नाही ते."

मुलीने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. मुलीने काकूच्या पानावर एक रेघ मारली, मग तिच्याखालच्या ओळीवर दुसरी. पाच ओळी गेल्या.

"काकू," मॅडम म्हणाल्या, "दवाखाना वळणापलीकडे असता तर टेम्पो काढायची वेळच आली नसती. ते उरतंच. ते कुणी काढू शकत नाही."

"खरं आहे. ते तुमच्या अहवालात राहू द्या. तिथे ते बरोबर आहे." काकूने ठमीच्या हातातली माती झटकली. "मला या घरात राहायचंय, बाई."

नवऱ्याने हात झटकले. मग म्हणाला, "माझंही राहू द्या. काढू नका. एकदा तोंडातून गेलंय." आणि उठून गाईंना पाणी दाखवायला गेला.

दुपारी मुलांची गाडी आली. सगळे काकूला भेटून गेले. हसरा मुलगाही हसला नाही. चष्मेवाली शेवटी आली, काकूच्या समोर उभी राहिली. काकूने तिच्या गालाला हात लावला. "तू वाईट नाही विचारलंस गं. विचारायचं राहिलं होतं ते." मुलगी जोरात रडली. मॅडमनी तिला दंडाला धरून गाडीत बसवलं.

संध्याकाळी धार झाली. दोन कॅन झाले, त्यांतला एक अर्धवट. नवऱ्याने ते टेम्पोत चढवले आणि फळी लावायला वळला तर काकू मागे चढत होती. आखूड पाय वर येईना, म्हणून दोन्ही हातांनी उचलून आत घेत होती. ठमी शेजारणीच्या कडेवर होती.

"कुठे?"

"डेअरीत."

"तिथे काय आहे तुझं?"

"पोती इथेच होती ना? डावीकडे?"

तो फळी धरून उभा राहिला. "ऊन आहे अजून. पुढे बस तरी."

"चला. सातला दार लावतात."

टेम्पो निघाला. रस्ता तिला पाठीच्या कण्यातून कळत होता, प्रत्येक खड्डा, प्रत्येक वळण. बंद दवाखाना मागे गेला. कॅन एकमेकांवर आपटत होते. तिने एक तळहात पत्र्यावर टेकवला. पत्रा तापलेला होता, तरी तिने हात काढला नाही. पडून तिला फक्त आकाश दिसत होतं आणि कॅनची झाकणं. लेकीला हेच दिसलं असणार.

टेम्पो थांबला. तो खाली उतरून मागे आला.

"गाडी कुठे लावली होती?" तिने विचारलं.

"इथेच. रोज इथेच लावतो."

"जा मग."

डेअरीचं दार सोळा-सतरा पावलांवर होतं. रांगेत सहा माणसं. काहींनी काकूला पाहिलं आणि मान वळवली, बहुधा तिला ओळखून. त्याने दोन्ही हातांत कॅन उचलले, रांगेत जाऊन उभा राहिला, मग हळूहळू दाराच्या आत सरकला. आता त्याची पाठ तेवढी दिसत होती, सदऱ्यावर घामाचा डाग. आत दूध थंड करायच्या टाकीची मोटार चालू होती. कॅन धुवायच्या वाफेचा फुत्कार येत होता, मधूनमधून पत्र्यावर पत्रा आदळत होता. बाहेर टेम्पोपाशी मात्र शांत होतं. रस्त्यापलीकडे एक बाई सायकल हातात धरून चालली होती, तिच्या सायकलीची साखळी वाजत होती, तीसुद्धा इथे ऐकू येत होती.

काकू कोपरावर उठली.

"अहो," तिने हाक मारली.

त्याची पाठ हलली नाही.

"अहो!" तिने पुन्हा मारली, पोटातून.

रांगेतल्या शेवटच्या माणसाने चुळबुळ केली, पण तो आपल्या पिशवीत काहीतरी शोधत होता. आत मोटार घुमत होती.

मग तिने तोंडाशी दोन्ही हात धरले आणि जेवढा आवाज तिच्यात होता तेवढा काढून ओरडली, "बाबा!"

रस्त्यावरची सायकलवाली बाई दचकून थांबली आणि वळून पाहू लागली. दारातली पाठ तशीच होती. तो एक पाऊल पुढे सरकला, कॅन पायाने पुढे ढकलला आणि पुन्हा तसाच उभा राहिला, मान जरा कलती करून. सगळं ध्यान कानात असलेल्या माणसासारखा.

काकू पोत्यांवर मागे टेकली.

बऱ्याच वेळाने तो आला. धुतलेले कॅन वाफाळत होते. त्याने एक आत ठेवला आणि दुसरा फळीवर टेकवून उभा राहिला. त्याचे डोळे तिच्यावर होते. कालपासून पहिल्यांदाच तो तिच्याकडे सरळ बघत होता.

"बघितलंस ना," तो म्हणाला. "किती जवळ आहे. तिने हाक मारली असती तर आली असती ना ऐकू?"

काकूने त्याच्याकडे पाहिलं. गेल्या वर्षभरात त्याची मान किती बारीक झाली होती. सदऱ्याची कॉलर त्याच्या गळ्याभोवती सैल उभी होती.

"आली असती," ती म्हणाली, आणि दुसरा कॅन घ्यायला हात पुढे केला.